झोर्नित्साचा ताबा

११ ऑक्टोबर

न्यायालयाचा आदेश आज हातात पडला. एलेना गावाच्या वरच्या अंगाला ‘झोर्नित्सा’ नावाचा खासगी वृद्धाश्रम आहे. त्याचं दिवाळं निघालं, आणि अवसायक म्हणून माझी नेमणूक झाली. जे आहे त्याची यादी करायची, विकायचं, आणि धनकोंना कायद्याने ठरवलेल्या क्रमाने वाटून मोकळं व्हायचं. आजवर एक फर्निचरचा कारखाना, कोंबड्यांचा एक फार्म, दोन हॉटेलं आणि एक वाइनचा कारखाना असं सगळं निकालात काढलंय. आश्रम मात्र पहिलाच. मालक वार्नाचा कुणी दंतवैद्य होता, तो कधीच व्हिएन्नाला पसार झालाय.

संध्याकाळी हॅम्बुर्गहून इरिनाचा फोन. तिला सांगितलं. म्हणाली, “बाबा, आत अजून माणसं राहतात?”

म्हटलं, “राहतात की. कोंबड्यांच्या वेळी कोंबड्याही आतच होत्या.”

ती हसली नाही. तिची आई, व्यारा, असती तर हसली असती. ती गेल्यापासून माझे विनोद घरातल्या घरातच विरतात.

१४ ऑक्टोबर

झोर्नित्सावर गेलो. इमारत चांगली आहे, छप्पर पक्कं, मागे अक्रोडाची झाडं. राहणारी माणसं वीसेक. बहुतेकांची मुलं स्पेनला नाहीतर जर्मनीला.

दारात एक ताठ कण्याची म्हातारी उभी होती, करडं स्वेटर, केस घट्ट बांधलेले. मला पाहताच म्हणाली, “या इन्स्पेक्टरसाहेब. दुसऱ्या पाळीचं उत्पादन पूर्ण आहे. चौथा माग तेवढा बंद आहे, तो माझा दोष नाही.”

मी बघतच राहिलो. तिच्यामागून जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक म्हातारा पुढे आला. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा. हळूच म्हणाला, “चौथ्या मागाचं लिहून घ्या साहेब, नाहीतर तिला दिवसभर चैन पडत नाही.”

लिहून घेतल्यासारखं केलं. ती नेदामावशी. गाब्रोवोच्या कापड गिरणीत पाळीप्रमुख होती. स्मृती गेल्या काही वर्षांत विरत चाललीय. तो मिंचोकाका. आयुष्यभर घाटातून बस चालवली, डोळे गेले तसा परवाना गेला. दोघांची ओळख इथलीच. जेवताना तो तिच्या ताटातल्या पावाचे तुकडे करून देतो, आणि ती त्याला कुठे काय वाढलंय ते सांगते.

स्वयंपाकीण पावलिना. पन्नाशीची, आवाज खणखणीत. उन्हाळ्यापासून पगार नाही, तरी चूल चालू. मी ओळख करून दिली तर म्हणाली, “म्हणजे पगार देणारे तुम्ही नाही, आणि कुलूप लावणारे तुम्हीच. बसा, घेवड्याचं सूप आहे.”

सूप उत्तम होतं.

२१ ऑक्टोबर

मालमत्तेची यादी. प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची पट्टी चिकटवत होतो. पलंग, कपाटं, फ्रीज. कुठला पलंग आश्रमाचा आणि कुठला माणूस घरून घेऊन आला, यावर निम्मा दिवस गेला. दुपारी दिवाणखान्यात आलो तर नेदामावशी खुर्चीत बसलेली, आणि स्वेटरवर माझी एक पट्टी.

मिंचोकाका म्हणाला, “हिची पण नोंद करा. जुना माल आहे, पण बनावट पक्की.”

“आणि तुझी?” मावशीने विचारलं.

“मला कोण घेतंय? फुकट दिलं तरी परत आणून सोडतील.”

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण ती पट्टी काढून घ्यावी लागली, क्रमांक चुकले असते.

यादी पुरी झाली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं लागेल.

९ नोव्हेंबर

तर्नोवोला धनकोंची सभा. इमारत बँकेकडे गहाण आहे, त्यामुळे पहिला घास बँकेचा. बँकेच्या वकिलीणबाई तरुण आणि हुशार आहेत. म्हणाल्या, “रिकामी इमारत आणि भरलेली इमारत यांच्या किमतीत फरक असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

दोन गिऱ्हाइकं आहेत. गाब्रोवोचं एक डॉक्टर जोडपं. त्यांना आश्रम आहे तसा, माणसांसकट चालवायचाय. दुसरा प्लोव्हदिवचा बांधकामवाला. त्याला हॉटेल करायचंय, त्याची बोली बरीच वरची आहे. डॉक्टरांच्या बोलीत बँकेचं भागतं आणि जेमतेम माझा खर्च निघतो. हॉटेलवाल्याच्या बोलीत पावलिना आणि परिचारिका यांचे थकलेले पगारही सुटतात. कायदा यात माझं मत विचारत नाही. सर्वांत जास्त किंमत देईल त्याला विकायचं, बस्स.

नोकरांची प्रतिनिधी म्हणून पावलिना आली होती, चर्चला जाताना घालतात तो कोट घालून. काही बोलली नाही. बहुधा कायद्याची भाषा कळली नसावी.

२३ नोव्हेंबर

आता माणसांचा प्रश्न. ज्याची नोंदणी ज्या नगरपालिकेत, तिनेच त्याची सोय करायची. कागदावर सोपं आहे. रोज फोन करतोय, सगळीकडे रांग. मिंचोकाका इथल्याच नोंदीतला, त्याला ड्रायानोवोजवळच्या सरकारी आश्रमात जागा मिळतेय. नेदामावशीचं घर नोंदीनुसार उत्तरेला, डॅन्यूबकाठी. तिची सोय तिकडे. गाडीने दोन तासांहून जास्त.

मिंचोकाकाने मला अक्रोडाखाली गाठलं. चष्मा काढून पुसत म्हणाला, “साहेब, एक विचारू? आम्हा दोघांना एका गाडीत टाकता येईल का? कुठेही चालेल. मी जमिनीवर झोपेन.”

म्हटलं, “काका, तुम्ही तिचे कायद्याने कुणी लागत नाही.”

“ते खरंच,” म्हणाला. “लागायचं असेल तर काय करावं लागतं?”

पावलिना खिडकीतून ओरडली, “लग्न! लग्न करावं लागतं, आणखी काय? एवढी वर्षं बस चालवली आणि थांबा दिसत नाही होय!”

म्हातारा कानापर्यंत लाल झाला.

२८ नोव्हेंबर

खरंच गेलो नगरपालिकेत चौकशीला. माझ्या कामाचा भाग नाही हा. पण पती-पत्नी असतील तर त्यांना एकत्र ठेवणं पालिकेवर बंधनकारक होतं, म्हणजे माझंही एक काम सोपं. मिंचोकाकाने दाढी करून टाय लावला होता. नेदामावशीला विचारलं होतं त्याने. म्हणे, “तिसरी पाळी सुटली की बघू,” असं म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. तिला कळलं होतं, असं तो म्हणतो.

खिडकीवरच्या बाईने नोंदवही पाहिली आणि मान वर केली. नेदामावशीला न्यायालयाने चार वर्षांपूर्वीच पालकत्वाखाली ठेवलंय. मुलगा पालक. अशा व्यक्तीला लग्न करता येत नाही. पालकाच्या संमतीनेही नाही.

मिंचोकाका म्हणाला, “म्हणजे ती सज्ञान नाही?”

“कायद्याने नाही,” बाई म्हणाली.

“तिच्या हाताखाली चाळीस बायका होत्या.”

बाईला वाईट वाटलं असावं. तिने त्याला पाणी दिलं. परतीच्या वाटेवर तो एवढंच बोलला, की वळणावर मी क्लच फार दाबून धरतो.

६ डिसेंबर

नेदामावशीच्या मुलाशी फोनवर बोललो. प्लामेन, व्हॅलेन्सियाला ट्रक चालवतो. आईला दुसरीकडे हलवायला संमती दिली. मिंचोकाकाबद्दल सांगितलं तर म्हणाला, “साहेब, आईचा फ्लॅट आहे तिकडे. असे म्हातारे मी पाहिलेत.”

म्हटलं, “त्याला फ्लॅटमध्ये रस दिसत नाही.”

“मग कशात असणार? माझ्या आईला तर मीही आठवत नाही.” आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही. लाइन खराब होती बहुधा.

आज संत निकोलाचा सण. पावलिनाने अक्रोड भरलेला मासा केला होता. यादीतली दोन कपाटं तपासायची होती, म्हणून गेलोच होतो. जेवून आलो.

२४ डिसेंबर

बॉयलरची पाहणी करायची होती, ती आजच केली. पावलिनाने ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचं उपासाचं ताट मांडलं होतं: घेवडा, भाताच्या सारणाच्या मिरच्या, सुकामेव्याचं पेय, मोठी गोल भाकरी. भाकरीत नाणं लपवलेलं, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. नाणं नेदामावशीच्या तुकड्यात निघालं. तिने ते मिंचोकाकाच्या खिशात घातलं आणि म्हणाली, “तिकीट. सुटे नाहीत म्हणू नका.”

सगळ्यांनी गाणी म्हटली. मला शब्द येत होते याचं मलाच नवल वाटलं.

इरिनाचा फोन राहून गेला. परत केला तेव्हा तिने विचारलं, “कुठे होतात?” म्हटलं, बॉयलर. म्हणाली, “बाबा, तुम्ही एकटे आहात म्हणून मला काळजी वाटते.” तिला समजावलं, की हल्ली या वयातल्या लोकांसाठी सगळीकडे उत्तम सोयी असतात, मी रोज त्याच पाहतोय.

१८ जानेवारी

बोली उघडल्या. डॉक्टर जोडप्याने थोडी वाढवली होती. बाई रडवेली झाली होती. हॉटेलवाला कितीतरी वर. धनकोंच्या मंडळाची सही हवी होती. बँकेची झाली. पावलिनाची पाळी आली तेव्हा तिने पेन हातात धरून विचारलं, “मी नाही म्हटलं तर?”

मी नियम सांगितला: तिच्या नकाराने विक्री थांबत नाही, फक्त लांबते, आणि लांबली की वाटायची रक्कम आटते. तिच्यासोबतच्या परिचारिकांची नावं मी मुद्दाम वाचून दाखवली, म्हणजे तिला सगळं चित्र कळावं. एकीची मुलगी दवाखान्यात आहे.

तिने सही केली. बाहेर जिन्यात मला म्हणाली, “तुम्ही फार नीट समजावून सांगता हो, ल्यूबेनसाहेब. एवढं नीट कुणी सांगू नये.”

कौतुकच समजलो. पण गाडीत बसल्यावर पाहिलं, ती बसथांब्यावर उभी होती आणि आपल्याच तोंडावर हातमोजा दाबून धरत होती.

२ फेब्रुवारी

माणसं जायला लागली. एकेकाची पिशवी, एकेकाची फ्रेम. पावलिना प्रत्येकाला कागदात बांधून पोळी देते. आता उरलेत मोजकेच.

मिंचोकाकाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळालीय, वर्षभरापूर्वी नाव घातलं होतं. तर्नोवोच्या दवाखान्यात, आणि मग थोडे दिवस भाच्याकडे. त्याला जायचं नव्हतं. “नंतर करू,” म्हणत होता. मीच म्हटलं, आलेली तारीख सोडू नका.

मला बाजूला घेऊन म्हणाला, “नेदा म्हणते तिचे डोळे हिरवे आहेत. मी इथं आलो तेव्हाच माझ्यासमोर धुकं होतं. मी तिला कधी धड पाहिलेलंच नाही, साहेब. एकदा खातरजमा करायचीय.”

१४ फेब्रुवारी

डॅन्यूबकाठच्या आश्रमाची गाडी अनपेक्षितपणे आजच उपलब्ध झाली. पुढची महिनाभर नाही म्हणाले. हॉटेलवाला ताब्याच्या तारखेवर अडून बसलाय. नेदामावशीला पाठवून दिलं.

मिंचोकाका भाच्याकडे आहे, हे एका अर्थी बरंच झालं. निरोप, रडारड, तिचा रक्तदाब, सगळं टळलं. पावलिना म्हणाली, “फोन तरी करा त्याला.” मी म्हटलं, डोळ्याला पट्टी आहे, ताण नको. तिने पातेलं इतक्या जोरात आपटलं, की कडी निखळली. यादीत पातेलं ‘सुस्थितीत’ असं आहे.

गाडीत बसताना नेदामावशी म्हणाली, “इन्स्पेक्टरसाहेब, बदलीचा हुकूम आहे का?” म्हटलं, हो. “मग ड्रायव्हर कुठाय?” गाडीचा चालक पुढे झाला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “हा नाही.”

शांतपणे गेली तशी.

१८ फेब्रुवारी

मिंचोकाका आज भाच्याच्या गाडीतून आला. चष्मा नाही. त्याचा चेहरा एकदम लहान आणि उघडा दिसत होता. फाटकापासूनच हात वर करून येत होता. “अरे, तू इतका टकला आहेस हे मला कुणी सांगितलं नाही!” असं मला म्हणाला. पहिल्यांदाच साहेब म्हणाला नाही.

मग दिवाणखान्यात गेला. मग तिच्या खोलीत. मग स्वयंपाकघरात. मी मागे गेलो नाही. पावलिनाचा आवाज ऐकू आला नाही, हे विशेष.

तासाभराने बाहेर आला आणि पायरीवर बसला. मी सगळी परिस्थिती सांगितली: गाडीची उपलब्धता, ताब्याची तारीख. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तिने काय घातलं होतं?”

मला आठवेना. करडं स्वेटर असावं.

“रंग विचारतोय,” म्हणाला. “मला आता रंग दिसतात.”

१ मार्च

इमारतीचा ताबा दिला. किल्ल्या, मीटरचे आकडे, सह्या. नव्या मालकाच्या माणसाने विचारलं, “आत काही राहिलं नाही ना?” नाही म्हटलं.

आज मार्तेनित्सांचा, वसंताच्या दोऱ्यांचा दिवस. पावलिनाने जाताना माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. म्हणाली, “तब्येत सांभाळा. तुमच्यावर राग आहे माझा, पण दोरा वेगळा आणि राग वेगळा.” तिला तिच्या पगाराचा हप्ता मे महिन्यात मिळेल, असं सांगितलं. ती ऐकत नव्हती.

१९ मार्च, रविवार

मिंचोकाकाला ड्रायानोवोहून घेतलं आणि उत्तरेला निघालो. हे माझ्या खर्चात दाखवलेलं नाही. तो नव्या आश्रमात फार खात नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि माझा रविवार तसाही मोकळा असतो.

रस्ताभर माझ्या गाडी चालवण्यावर टीका. “तिसरा टाक. तिसरा! लेका, ही गाडी आहे, गाढव नाही, तिला दया दाखवू नकोस.”

नेदामावशी खिडकीशी बसली होती. बारीक झालीय. तो समोर जाऊन उभा राहिला. तिने त्याला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही कुणाकडे आलात?”

“तुझ्याकडे. मी मिंचो.”

“मिंचो ड्यूटीवर आहे,” ती म्हणाली. “मला न सांगता गेला. येऊ दे, मग बघते.”

तो तसाच उभा. तिच्याकडे टक लावून बघत. मला वाटलं आता खाली बसेल. पण त्याने कोटाच्या खिशातून जुना चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. त्या काचांमधून आता त्याला धड काही दिसत नाही; खुर्ची शोधायला त्याने हात पुढे केला.

तिने तो हात पकडला. “आलास होय,” म्हणाली. “बैस. इकडे नाही, इकडे. किती उशीर! जेवलास का?”

दोन तास बसलो. त्याने चष्मा एकदाही काढला नाही. ती त्याला बाहेर काय काय आहे ते सांगत होती: झाड, मांजर, एक टकला इन्स्पेक्टर.

परत येताना मिंचोकाकाने चष्मा काढून खिशात ठेवला. घाट लागल्यावर म्हणाला, “खोटारडी. तपकिरी आहेत.”

१६ एप्रिल, ईस्टर

दर रविवारी जातोय. मलाही ती वाट पाठ झालीय. आज पावलिनाने गोड पाव आणि लाल अंडी पाठवली होती. अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात ज्याचं अंडं टिकतं त्याची वर्षभर तब्येत चांगली; नेदामावशीने आम्हा दोघांना हरवलं. मिंचोकाकाचं अंडं फुटलं तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली. “यंदा तब्येत माझी!” म्हणाली.

तिथल्या मेट्रनबाईंनी विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?” मी म्हटलं, अवसायक. त्यांना काही बोध झाला नाही. माझा नंबर लिहून ठेवला. मिंचोकाकाचं विचारलं, आणि रकाना कोरा सोडला.

२३ मे

न्यायालयाने अंतिम अहवाल मंजूर केला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “एकही हरकत आलेली नाही. अशी स्वच्छ प्रकरणं क्वचितच.” बँकेच्या वकिलीणबाईंनी हात मिळवला. पगार वाटले गेले. प्रकरण बंद.

घरी आल्यावर दाराशी बूट काढले आणि तसाच बसून राहिलो. दमलो असेन.

२५ मे

सकाळी मेट्रनबाईंचा फोन. नेदामावशी सोमवारी झोपेतच गेली. मुलगा व्हॅलेन्सियाहून येऊ शकला नाही, पैसे पाठवले; काल दफन झालं. “तुमचा नंबर होता म्हणून कळवलं,” म्हणाल्या. मी विचारलं, मिंचोकाकांना कळवलं का? “कुणाला?”

त्या बाईंचा दोष नाही. नियमाप्रमाणे कळवायचं असतं ते नातेवाइकांना.

दिवसभर फोन उचलून ठेवत होतो. फोनवर सांगण्यासारखं नाही ते.

२८ मे, रविवार

तो फाटकाशी उभा होता. दाढी केलेली, कोट घातलेला, वरच्या खिशात चष्मा. हातात बाजारातल्या चेरीची पिशवी. “उशीर झाला तुला,” म्हणाला आणि गाडीत बसला.

मला वाटलं होतं फाटकातच सांगेन. सांगितलं नाही. गाडी सुरू केली. चेरी यंदा महाग आहेत, असं तो सांगत होता. पहिला घाट उतरलो. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“का थांबलास? गिअर अडकला?”

मी स्टिअरिंगकडे बघत होतो. आयुष्यभर मी लोकांना वाईट बातम्या देत आलोय: कारखाना गेला, घर गेलं, हॉटेल गेलं. त्याची एक पद्धत असते, आधी परिस्थिती आणि मग परिणाम. आज पहिलं वाक्यच सापडेना.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं.

“कधी?” म्हणाला.

“सोमवारी. झोपेत.”

“आज रविवार.”

“हो, काका.”

शेजारून ट्रक जात होते, गाडी हादरत होती. बऱ्याच वेळाने म्हणाला, “चल.” म्हटलं, परत फिरू? “नाही. तिकडेच चल. चेरी तिच्यासाठी घेतल्यात.”

दफनभूमी गावाबाहेर आहे. ताजी माती, लाकडी क्रूस, रंगाने लिहिलेलं नाव. त्याने चेरी मातीवर ठेवल्या, एकेक, देठ धरून. मी लांब उभा राहिलो. येताना एकदाही गिअरवर बोलला नाही. मी मुद्दाम चुकीचा टाकून पाहिला.

११ जून

तरीही रविवारी गेलोच ड्रायानोवोला. तो बाकावर होता. मी शेजारी बसलो. त्या दिवशीचं, गाडी पाठवल्याच्या दिवसाचं, मी काहीतरी बोलायला लागलो. गाडी महिनाभर मिळणार नव्हती वगैरे.

“माहितेय,” तो म्हणाला. “तू सांगितलंस तेव्हा. नीट सांगितलंस.”



३० जून

आज नेदामावशीला जाऊन चाळीस दिवस झाले. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो छापून चाळिसाव्याचा कागद लावतात, दारावर, झाडांवर, थांब्यांवर. मुलाने काही केल्याचं ऐकलं नाही. मिंचोकाका परवाच म्हणाला होता, “एक कागद तरी हवा. माणूस गेलं हे भिंतींना कळायला हवं.”

तर्नोवोच्या छापखान्यात गेलो, तो, मी आणि पावलिना. फोटो पावलिनाच्या फोनमध्ये मिळाला, ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचा: मावशी हसतेय, गालावर भाकरीचा कण. छापखान्यातल्या मुलीने मजकूर विचारला. नाव, वय, चाळीस दिवस. मग म्हणाली, “खाली शोकाकुल कोण लिहू?”

मिंचोकाकाने माझ्याकडे पाहिलं. अशा गोष्टी मलाच माहीत असणार असं त्याला वाटतं. पती लिहिता येत नाही. मित्र कमी पडतं. मी बराच विचार केला. इतकी वर्षं मी लोकांच्या नात्यांना क्रम देत आलोय, कोण पहिला, कोण शेवटचा, आणि या माणसासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता.

“नुसतं मिंचो लिही पोरी,” तो म्हणाला.

“आडनाव?”

“नको. तिने कधी विचारलं नाही.”

मुलीने फोटो पडद्यावर मोठा केला. मावशीच्या खांद्यावर एक हात होता, कडेला उभ्या असलेल्या मिंचोकाकाचाच असावा, माणूस चौकटीबाहेर. मुलगी म्हणाली, “हा हात मध्ये येतोय. कापून टाकते, म्हणजे फोटो स्वच्छ दिसेल.”

“राहू दे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मुलगी दचकली. पावलिना माझ्याकडे बघायला लागली.

कागद घेऊन एलेनाला गेलो. झोर्नित्साच्या फाटकाला आता पत्र्याचं कुंपण आहे, आत यंत्रं. रखवालदार बाहेर आला. “इथं काही चिकटवायचं नाही. खासगी जागा आहे.”

म्हटलं, “माहितेय. ताबा मीच दिलाय.”

त्याने कागद वाचला. टोपी काढली. “देव तिला क्षमा करो. हा मिंचो कोण?”

“मी,” मिंचोकाका म्हणाला.

रखवालदाराने आणखी काही विचारलं नाही, बाजूला झाला. पावलिनाने गोंद लावला. मिंचोकाकाने कागद पत्र्यावर टेकवला आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरला. यंत्रांचा आवाज येत होता, पत्रा थरथरत होता. बराच वेळ झाल्यावर मी म्हटलं, “काका, चिकटला असेल आता.”

“वारा आहे, लेका,” तो म्हणाला. “अजून थोडा वेळ.”